दुखण्याला वेळीच नाव मिळाले पाहिजे

आपल्याकडे एखादे माणूस दगावले, की दाराशी जमलेली मंडळी प्रथम एकच प्रश्न विचारतात : 'कशाने गेले?' उत्तरे निरनिराळी मिळतात. कोणी न्यूमोनियाने गेलेला असतो, कोणाचा मधुमेहातला पाय चिघळलेला असतो, कोणाचे आतडे फुटलेले असते, तर कोणी बाळंतीण बारावा उजाडण्याच्या आतच गेलेली असते. 'अंगात विष पसरले', 'रक्तात इन्फेक्शन झाले', एवढेच शब्द नातेवाइकांच्या लक्षात राहिलेले असतात. या निरनिराळ्या उत्तरांच्या मुळाशी पुष्कळदा एकच अवस्था असते आणि आधुनिक वैद्यक तिला 'सेप्सिस' म्हणते. २०१७ या एका वर्षात जगातील सुमारे ४ कोटी ८९ लाख माणसांना सेप्सिस झाला आणि त्यांतील १ कोटी १० लाख दगावली, असा अंदाज २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंमागे एक. एवढे बळी घेणाऱ्या अवस्थेचे नाव गावच्या चावडीवर कोणाला ठाऊक नसावे, ही साधी गोष्ट नव्हे. कारण ज्याला नाव नाही त्याची भीतीही नसते आणि त्याविरुद्ध धावपळही होत नाही.

आज या विषयाकडे आम्ही बोरगावच्या वाटेने जाणार आहोत. गोमंतकातील वाचकाला बेळगाव परका नाही. आपल्या बाजारातली भाजी तेथून येते आणि घाटावरचे रुग्ण बांबोळीच्या इस्पितळाच्या पायऱ्या चढतात, तसे आपलेही रुग्ण बेळगावला जातात. त्या बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, निपाणी तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून बोरगाव हे नगरपंचायतीचे गाव आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख उसाचा, तंबाखूचा आणि विड्या वळणाऱ्या बायांच्या कष्टाचा. येथील माणूस आजारी पडला तर त्याच्यापुढे वाटा अनेक असतात. निपाणी आणि चिकोडी जवळ आहेत, बेळगाव दूर आहे. हद्द ओलांडली की इचलकरंजी, कोल्हापूर, मिरज. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ७५. वाटा इतक्या असूनही रोगी वेळेवर पोहोचतोच असे नाही. त्याचे एक कारण असे, की कोणत्या वाटेने आणि किती घाईने जावे हे ठरविण्याआधी दुखणे काय आहे, ते कोणीतरी ओळखावे लागते.

समजा, अशा एखाद्या गावातील मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. बाळंतपण रुग्णालयात सुखरूप झाले, तिसऱ्या दिवशी ती घरी आली. पाचव्या दिवशी तिला हुडहुडी भरते. आजी म्हणते, वारा लागला. शेगडी पेटविली जाते, डोक्याला फडके बांधले जाते. ताप चढतो तेव्हा जवळच्या डॉक्टरांकडून गोळी आणली जाते आणि ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग गार लागते. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मुलगी मात्र गप्प गप्प आहे, हाक मारली तर उशिरा 'ओ' देते, बाळाला पाजायला घेत नाही आणि तिचा श्वास भराभर चालला आहे. रात्रीपासून तिला लघवी फारशी झालेली नाही, हे कोणी विचारलेले नाही. थकली असेल, झोपू द्या, असे सगळ्यांनाच वाटते. ही मुलगी कल्पित आहे, पण ज्यांनी ग्रामीण रुग्णालयात चार वर्षे काढली आहेत त्या कोणत्याही परिचारिकेला ती ओळखीची वाटेल. ताप उतरला म्हणून जेथे घर निर्धास्त होते, तेथेच या रोगाचा सर्वांत मोठा दगा असतो. सेप्सिसमध्ये अंग गार पडणे हे तापाइतकेच, किंबहुना त्याहून वाईट लक्षण ठरू शकते.

जुने नाव, नवे अर्थ

'सेप्सिस' हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ कुजणे, नासणे असा. शब्द दोन हजार वर्षांहून जुना असला तरी त्याचा अर्थ मात्र सतत बदलत आला आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने पाहिले, की ज्या प्रसूतिकक्षात वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट येतात तेथे बाळंतिणी सूतिकाज्वराने अधिक मरतात आणि सुइणींच्या कक्षात कमी. त्याच सुमारास शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून त्याचा एक सहकारी दगावला आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींच्या शरीरात दिसे तशीच नासाडी आढळली. सेमेलवाइसने सर्वांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता; सेमेलवाइसजवळ होती ती केवळ दोन कक्षांतील मृत्यूंची मोजदाद. त्या मोजदादीवर त्याच्या समकालीनांनी विश्वास ठेवला नाही. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात, चिघळलेल्या जखमेने, म्हणजे बहुधा ज्या रोगाशी तो झगडला त्याच रोगाने, त्याचा अंत झाला.

पुढे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले आणि सेप्सिस म्हणजे रक्तात शिरलेले जंतू, अशी समजूत रूढ झाली. १९१४ साली जर्मन वैद्य ह्यूगो शॉटम्युलर यांनी जवळपास याच अर्थाची व्याख्या केली. पण प्रतिजैविकांचे युग आले तरी एक कोडे उरलेच. जंतू औषधाने मेले तरी रोगी मरतो, असे डॉक्टरांना वारंवार दिसू लागले. आणि पुष्कळ रुग्णांच्या रक्तात तर जंतू सापडतच नाहीत. मग मारते कोण? हळूहळू उमगले ते असे, की जंतूंशी लढण्यासाठी शरीर जे सैन्य उभे करते तेच बेताल होऊन स्वतःच्या घरादाराची नासधूस करू लागते. रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, मेंदू अशा एकेका अवयवाचे काम मंदावत जाते. चोर घरात शिरला म्हणून घरालाच आग लावावी, तसा हा प्रकार आहे.

व्याख्येची ताणाताण

चोर कळला, आग कळली. पण आग लागली हे लवकरात लवकर ओळखायचे कसे? गेली तीन-साडेतीन दशके जगभरच्या तज्ज्ञांचा वाद याच प्रश्नाभोवती फिरत आहे. १९९१ साली अमेरिकेतील छातीचे विकारतज्ज्ञ आणि अतिदक्षतातज्ज्ञ यांच्या संघटनांनी एकत्र बसून पहिली सर्वसंमत व्याख्या केली. चार खुणा ठरल्या. ताप १००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त किंवा तापमान ९६.८ पेक्षा कमी, नाडी मिनिटाला ९० पेक्षा जास्त, श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी १२ हजारांपेक्षा जास्त किंवा ४ हजारांपेक्षा कमी. जंतुसंसर्गाचा संशय असून यांतील दोन खुणा आढळल्या की तो सेप्सिस.

ही व्याख्या सोपी होती, हा तिचा गुण. साध्या फ्लूने फणफणलेला धडधाकट तरुणही तिच्यात बसे, हा तिचा दोष. जाळे इतके बारीक विणले की त्यात नदीतला पालापाचोळाही अडकू लागला. आणि गंमत अशी, की एवढे करूनही मोठे मासे त्यातून निसटतच होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांतील १ लाखाहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना संसर्ग होता आणि एखादा तरी अवयव निकामी होऊ लागला होता. तरीही दर आठांमधील एक रुग्ण या जुन्या व्याख्येत बसत नव्हता. वृद्ध माणूस, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारा रोगी यांना कित्येकदा तापच येत नाही. रोग बळावलेला आणि कागदावर मात्र रोगी ठीक, अशी ती स्थिती.

२०१६ साली नवी व्याख्या आली. संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे जिवावर बेतेल असा अवयवांचा बिघाड म्हणजे सेप्सिस, असा तिचा मथितार्थ. अवयवांचा बिघाड मोजण्यासाठी सहा गोष्टी पाहायच्या : फुप्फुसाची प्राणवायू घेण्याची क्षमता, रक्त गोठविणाऱ्या बिंबिका, यकृताच्या कामाचा निदर्शक असलेले बिलिरुबिन, रक्तदाब, शुद्ध, आणि मूत्रपिंडाच्या कामासाठी क्रिएटिनिन व लघवीचे प्रमाण. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. संसर्गामुळे एकूण गुण दोनांनी वाढले, तर रुग्णालयातील अशा दर दहा रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो. सलाईन पुरेशी देऊनही रक्तदाब टिकविण्यासाठी विशेष औषध लागले आणि रक्तातील लॅक्टेट दोनांच्या वर राहिले, तर तो सेप्टिक शॉक. त्यात मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जाते.

ही व्याख्या शास्त्रदृष्ट्या अधिक नेमकी आहे, यात शंका नाही. पण ती बेळगावच्या वा बांबोळीच्या अतिदक्षता विभागात जितकी उपयोगी, तितकी खेड्यातल्या आरोग्य केंद्रात रात्री अकरा वाजता कशी ठरावी? तेथे लॅक्टेट मोजायचे कोणी आणि बिलिरुबिनचा अहवाल यायचा केव्हा? ही अडचण व्याख्या करणाऱ्यांनाही ठाऊक होती. म्हणून त्यांनी खाटेशेजारी उभे राहून पाहता येतील अशा तीन खुणा दिल्या : श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि शुद्धीत फरक. यांतील दोन असतील तर रोगी धोक्यात आहे असे समजावे. या तीन खुणांवरही पुढे टीका झाली. त्या उशिरा उमटतात, आणि त्यांची वाट पाहत बसले तर वेळ हातची जाते. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने केवळ या तीन खुणांवर विसंबून चाळणी करू नका, असे बजावले. त्याऐवजी नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान, प्राणवायू आणि शुद्ध या सर्वांना गुण देऊन त्यांची बेरीज पुनःपुन्हा करीत राहण्याच्या पद्धती आज अनेक रुग्णालयांत रूढ आहेत.

वाचकाला वाटेल, की हा तज्ज्ञांचा शब्दच्छल आहे. तसे नाही. व्याख्या सैल केली तर प्रत्येक तापकऱ्याला भारी प्रतिजैविके मिळतात, आणि ती औषधे जंतूंवर चालेनाशी होण्याचे संकट आपल्या देशात आधीच दाराशी उभे आहे. व्याख्या आवळली तर आपल्या त्या कल्पित बाळंतिणीसारखी मुलगी 'निरीक्षणाखाली' राहते आणि निरीक्षण कोणीच करीत नाही. २०२१ च्या त्याच मार्गदर्शिकेने यातून एक मध्यम मार्ग सुचविला आहे. शॉक असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर एका तासाच्या आत प्रतिजैविक द्यावे. शॉक नसेल आणि निदानाबद्दल संशय असेल तर झटपट तपासण्या कराव्यात, पण संशय न फिटल्यास तीन तासांच्या पलीकडे थांबू नये. थोडक्यात, संशयालाही घड्याळ लावले पाहिजे.

या घड्याळाची किंमत न्यू यॉर्क राज्याने मोजून पाहिली आहे. २०१२ साली तेथे रोरी स्टाँटन नावाचा १२ वर्षांचा मुलगा शाळेत खेळताना झालेल्या किरकोळ खरचटण्यानंतर सेप्सिसने दगावला. पोटाचे साधे दुखणे समजून त्याला घरी पाठविण्यात आले होते आणि रक्ताच्या तपासणीतील धोक्याचे आकडे त्यानंतर हाती आले. आईबापांनी दुःख गिळून चळवळ उभारली. २०१३ साली राज्याने त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम केला : प्रत्येक रुग्णालयाने सेप्सिस ओळखण्याची आणि उपचाराची ठरीव पद्धत ठेवावी व तिचा हिशेब सरकारला द्यावा. पुढे तेथील १४९ रुग्णालयांतील ४९ हजारांवर रुग्णांची छाननी झाली, तेव्हा उपचार पुरा होण्यास लागलेल्या प्रत्येक जादा तासागणिक मृत्यूचा संभव सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. एका मुलाच्या मृत्यूने एका राज्याला मोजदाद करायला लावली, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

बेळगाव आणि गडचिरोली

बाळंतिणीची गोष्ट याहूनही नाजूक आहे. गरोदरपणी नाडी मुळातच जलद चालते, रक्तदाब काहीसा उतरतो आणि प्रसूतीच्या कळांत पांढऱ्या पेशी वाढतात. त्यामुळे जुन्या व्याख्येने निरोगी बाळंतीणही आजारी ठरावी आणि खरी आजारी मात्र 'बाळंतपणात असे व्हायचेच' म्हणून दुर्लक्षित राहावी, असा दुहेरी घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली मातेच्या सेप्सिसची स्वतंत्र व्याख्या केली, ती याच कारणाने. गर्भारपण, प्रसूती, गर्भपात वा बाळंतपणानंतरचा काळ यांत संसर्गामुळे अवयवांचा बिघाड होऊन जिवावर बेतणे, हा तिचा गाभा.

या प्रश्नावर जगाला उपयोगी पडलेले मोठे काम बोरगावच्याच जिल्ह्यात झाले आहे, हे फारच थोड्यांना माहीत असेल. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधक गेली अनेक वर्षे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत माता व बालकांच्या आरोग्याचा अभ्यास करीत आहेत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थोपविणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी गावातील परिचारिकेच्या हातूनही परिणामकारक रीतीने देता येते, हे १,६२० स्त्रियांवरील ज्या प्रयोगाने २००६ साली दाखविले, तो याच जिल्ह्यात झाला. रक्तस्रावाचे प्रमाण त्यात १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. त्यानंतर २०१९ ते २०२२ या काळात भारतासह सात देशांत जो मोठा प्रयोग झाला, त्यातील भारताची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. नैसर्गिक प्रसूतीची अपेक्षा असलेल्या २९,२७८ स्त्रियांपैकी निम्म्यांना कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या औषधाची २ ग्रॅमची एकच मात्रा तोंडावाटे दिली आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी. मातेला सेप्सिस होण्याचे किंवा ती दगावण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत २.४ टक्के होते, तर औषध मिळालेल्यांत १.६ टक्के, म्हणजे सुमारे एकतृतीयांशाने कमी. हा लाभ मुख्यतः सेप्सिस टळण्याचा होता, आणि अर्भकांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. औषध सरसकट द्यावे की नाही, याचा निर्णय प्रतिकारक्षम जंतूंचा धोका तोलूनच घ्यावा लागेल. पण आमच्या दृष्टीने येथे आणखी एक धडा आहे. हा प्रयोग शक्य झाला, कारण प्रत्येक बाळंतिणीची विचारपूस प्रसूतीनंतरही कोणीतरी ठरावीक दिवशी करीत होते आणि सेप्सिस कशाला म्हणायचे हे सर्वांनी आधी ठरविले होते. प्रयोगात जी काळजी घेतली जाते ती प्रयोग संपल्यावर सुटू नये, एवढीच अपेक्षा.

ओळखण्याचे काम केवळ डॉक्टरांचेच, हा समज तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला कधीच खोटा ठरला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करण्याचे शिक्षण दिले. त्यांच्यापाशी ना प्रयोगशाळा होती, ना रक्ततपासणी. पुढे या अनुभवाच्या विश्लेषणातून सात खुणा निघाल्या : बाळाचे दूध ओढणे कमी होणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे वा थांबणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग गार लागणे, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणे, आणि नाळेचा संसर्ग. यांतील कोणत्याही दोन एकदम दिसल्या की सेप्सिस समजून उपचार. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सेप्सिस झालेल्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण या कार्यकर्त्यांच्या उपचारांनंतर १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेतील गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या कामाच्या पायावरच २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी भेटी देऊ लागल्या. या सात खुणा वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. त्यांतील बहुतेक आईला आणि आजीला आधीच दिसलेल्या असतात. बंग दांपत्याने इतकेच केले, की त्या दिसण्याला संख्या दिली आणि संख्येला अधिकार दिला. दोन खुणा म्हणजे थांबायचे नाही.

चिठ्ठीवरचे आकडे

आता पुन्हा बोरगावकडे येऊ. या मुलखातील माणसाची बोली मराठी, सरकारी दप्तराची भाषा कन्नड आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची इंग्रजी. रोगी हद्द ओलांडून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो तेव्हा त्याचा केसपेपर पुष्कळदा मागेच राहतो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना देण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. सीमेचा वाद आपल्या जागी आहे आणि त्याबद्दलची आमची आस्था वाचकांना नव्याने सांगायला नको. पण सेप्सिस झालेला रोगी कोणत्या राज्याचा नागरिक आहे, हे त्याच्या मूत्रपिंडांना ठाऊक नसते. पहिल्या दवाखान्यात सकाळी नऊ वाजता त्याचा श्वास २४ होता आणि दुपारी एक वाजता ३२ झाला, ही एवढीच गोष्ट दुसऱ्या रुग्णालयाला कळली, तर त्याचे चार तास वाचतात. ती कळली नाही तर तेथे सारे पहिल्यापासून सुरू होते. एकाच वेळी घेतलेला आकडा मुका असतो. दोन आकडे शेजारी ठेवले की रोग कोणत्या दिशेने चालला आहे ते दिसते. सेप्सिस ओळखणे म्हणजे मुख्यतः ही दिशा ओळखणे होय.

म्हणून आमची मागणी यंत्रांची नाही. यंत्रेही यावीत, पण त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही सरकारांच्या आरोग्य खात्यांनी सीमाभागापुरती का होईना, एकच पाठवणीची चिठ्ठी ठरवावी. तीवर श्वास, नाडी, वरचा रक्तदाब, तापमान, शुद्ध आणि लघवी यांचे आकडे असावेत आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ असावी. आकड्यांना भाषेचा वाद नसतो. कन्नड परिचारिकेने लिहिलेला २८ हा आकडा मराठी डॉक्टरला वाचता येतो. श्वास मोजायला घड्याळाचा काटा आणि मिनिटभराची सवड पुरते. यंत्र लागत नाही, म्हणूनच बहुधा तो मोजायचा राहून जातो, हे आमच्या आरोग्यव्यवस्थेचे दुर्दैव आहे.

दुसरी गोष्ट पाठवणीची. बाळंतिणीच्या सेप्सिससाठी साधने तोकडी असलेल्या देशांकरिता जी पद्धत अलीकडे तयार झाली, तिच्यात पाच कामे आहेत : शिरेतून सलाईन, प्रतिजैविक, संसर्गाचे मूळ शोधून ते दूर करणे, मोठ्या रुग्णालयात पाठवणी, आणि सततची देखरेख. यांतील पहिली दोन कामे रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वेळात आरोग्य केंद्रातही होऊ शकतात. १०८ क्रमांकाची गाडी तिन्ही राज्यांत आहे. पण पहिली मात्रा न देता रोग्याला गाडीत बसवून देणे म्हणजे त्याचा सर्वांत मोलाचा तास रस्त्याला वाहणे होय. मात्रा दिली असेल तर तिची वेळ चिठ्ठीवर लिहावी आणि पुढच्या रुग्णालयाला आधी दूरध्वनी करावा. तिसरी गोष्ट मृत्यूच्या चौकशीची. प्रत्येक मातामृत्यूचे अन्वेषण करण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यात पहिली धोक्याची खूण केव्हा दिसली आणि पहिली मात्रा केव्हा मिळाली, या दोन वेळा लिहिण्याची सक्ती असावी. दोषी हुडकण्यासाठी नव्हे, तर त्या दोन वेळांमधले अंतर कमी करण्यासाठी.

राहता राहिला आपण सामान्य माणसांचा वाटा. जागतिक आरोग्य सभेने २०१७ साली ठराव करून सेप्सिसच्या प्रतिबंधाची, निदानाची आणि उपचाराची जबाबदारी सर्व देशांच्या सरकारांवर टाकली, हे योग्यच झाले. पण रात्री दोन वाजता रोग्याच्या उशाशी सरकार नसते, घरचे माणूस असते. संसर्ग झालेला किंवा जखम असलेला रोगी, नुकतीच बाळंत झालेली बाई, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेला म्हातारा, यांच्यापैकी कोणी भलतेच बोलू लागले वा एकाएकी गप्प झाले, श्वास भराभर चालू लागला, हातपाय गार पडून अंग फिकट वा काळसर दिसू लागले, दिवसभर लघवी झाली नाही, तर ताप आहे की नाही हे पाहत बसू नये. रुग्णालय गाठावे, आणि तेथे गेल्यावर संकोच न बाळगता विचारावे : 'डॉक्टर, हा सेप्सिस तर नव्हे ना?' या प्रश्नाचा राग येण्याचे कोणत्याही चांगल्या डॉक्टरला कारण नाही. उत्तर 'नाही' असे आले तर आनंदच आहे. आणि 'असू शकेल' असे आले, तर त्या क्षणी दुखण्याला नाव मिळाले आणि घड्याळ सुरू झाले.

सेमेलवाइसच्या हाती दोन कक्षांची मोजदाद होती आणि ती कोणी वाचली नाही. गडचिरोलीच्या बायांच्या हाती सात खुणा होत्या, त्या वाचल्या गेल्या आणि बाळे वाचली. बोरगावच्या त्या कल्पित बाळंतिणीच्या उशाशी उद्या खरी मुलगी निजलेली असेल. तिचा श्वास मिनिटभर मोजणारे आणि तो कागदावर वेळेसह लिहिणारे एक माणूस तेथे असावे, एवढे मागणे फार नाही. पण तेवढे मिळाले, तर 'कशाने गेली?' असे दाराशी विचारण्याची पाळी पुष्कळ घरांवर येणार नाही.